उसना हात

मालकाचा चेहरा पुरा झाला होता. तांबूस गाल, दगडी जबडा, कपाळावरची चिडकी शीर आणि कुठल्याशा दूरच्या पावसात जन्मभर भिजल्यासारखे करडे डोळे, सगळे कापडावर उतरले होते. राहिला होता उजवा हात. आणि अँब्रोज टियरनीला उजवा हात नव्हता.

म्हणून तो मळ्यावरच्या काळ्या गुलामाचा, क्वामिनोचा घेतला जात होता.

थर्लबी नावाचा इंग्रज चित्रकार माँटसेराट बेटावरच्या ऊसमळेवाल्यांना त्यांचेच चेहरे विकत फिरे. रोज सकाळी तो क्वामिनोच्या अंगावर मालकाचा लाल कोट चढवी आणि बाहीच्या चुण्या मनासारख्या पडल्या की टाचण्यांनी त्या जागच्या जागी खिळवून टाकी. चुणी मोडली की सावली मोडते, आणि सावली मोडली की हात मेल्यासारखा दिसतो, असे त्याचे म्हणणे. मावळतीपर्यंत कोट उतरवायचा नाही. जेवताना नाही, आडोशाला जातानाही नाही. काही टाचण्या कापडातून पार कातडीत उतरत.

"बोटं सैल सोड," थर्लबी म्हणे. "बेटाच्या नकाशावर ठेवलायस तो हात. बापाची जमीन असल्यासारखा ठेव."

"बाप या जमिनीतच पुरलाय, साहेब."

"मग झालं तर! निम्मा वारसा तुझाच." थर्लबी खो खो हसे आणि रमचा पेला तोंडाला लावी.

कापडावरचा हात हळूहळू उजळत होता. सावलीत किंचित निळा, उजेडात किंचित गुलाबी. नखे, सांधे, अंगठ्याखालची जुनी खोक, सगळे क्वामिनोचे, फक्त त्याच्यातून क्वामिनो धुऊन काढलेला. समुद्राने पुष्कळ दिवसांनी किनाऱ्यावर टाकलेल्या मुडद्याला असा रंग असतो.

पण त्याला त्या हाताचे दुःख नव्हते. त्याचा जीव अडकला होता व्हरांड्यापलीकडच्या टेकडीवर, पवनचक्कीच्या दगडी बुरुजात, जिथे वाऱ्यावर फिरणारा उसाचा चरक होता आणि चरकापुढे बेनेबा होती.

हात इकडे उसना आला तेव्हा तिकडे चरकाच्या रुळांपुढे माणूस कमी पडले, आणि मुकादमाने उसाच्या फडातून क्वामिनोची धाकटी बहीण उचलून त्याच्या जागी उभी केली. बेनेबा डावखुरी होती. चरकाची सारी मांडणी उजव्या हाताची. मोळी उजवीकडून येते, उजवा हात ती दोन रुळांच्या फटीत देतो आणि तसाच बाहेर निसटतो. डावखुऱ्याला आपला हात आपल्याच छातीवरून आडवा न्यावा लागतो, आणि परतताना तो रुळांच्या तोंडावरून येतो. दर मोळीला. दिवसभर. गाळपाच्या हंगामात, जेव्हा माणसे उभ्याउभ्या झोपतात.

रुळांशेजारी तुळईला एक कुऱ्हाड टांगलेली असे. तिला दुसरे काम नव्हते. बोट सापडले की मनगट जाते, मनगटामागून कोपर, कोपरामागून खांदा. आणि वारा कुणाच्या किंकाळीने थांबत नाही. तेव्हा हात तोडायचा आणि उरलेले माणूस वाचवायचे. त्या कुऱ्हाडीखाली म्हातारा लिमरिक उभा असे. मालकाने विकत घेतलेल्या माणसांना आपल्या मुलखातल्या गावांची नावे दिली होती; हा त्यातला पहिला. टियरनी आयर्लंडहून आला तेव्हा तोही करारावर बांधलेला, उपाशी पोरगाच होता, आणि दुसऱ्या कुणाच्या चरकावर याच लिमरिकशेजारी उसाच्या मोळ्या सारत होता. तिथेच त्याचा हात रुळांत गेला. कुऱ्हाड चालवली ती लिमरिकने. पुढे करार फिटला, रमचे दुकान निघाले, दुकानाची गलबते झाली, गलबतांचा मळा झाला. आणि मळ्यासाठी टियरनीने पहिला माणूस विकत घेतला तो आपला जीव वाचवणारा. त्याला कुऱ्हाडीखाली उभे केले, ते जन्मभरासाठी. या गोष्टीचा उच्चार मळ्यावर कुणी करीत नसे. एकाने केला होता; त्याचे कान तेव्हा चरकाच्या दारावर खिळ्यांनी ठोकलेले सगळ्यांनी पाहिले होते.

आणखी एक नियम होता पात्याचा. शेजारच्या मळ्यावर ऊस तोडायच्या कोयत्यांनी एका गोऱ्याची खांडोळी झाली, तेव्हापासून टियरनीचा हुकूम होता: लाल कोट दिसला की पाते भुईला आणि कपाळ भुईला, मालक 'ऊठ' म्हणेपर्यंत तसेच. रुळांपुढे मोळ्या सारणाऱ्यांना तेवढी सूट, त्यांनी नुसती मान घालायची, कारण चरक रिकामा फिरता कामा नये. या हुकमाला इतकी वर्षे झाली होती की कोटाच्या तिसऱ्या बटणाच्या वर काय असते, हे मळ्यावर कुणी धड पाहिलेले नव्हते.

त्या सकाळी घराकडे निघताना क्वामिनो चरकावरून गेला. चिपाडे गोळा करणाऱ्या बायांनी त्याला हेरलेच.

"अगं बया, सरका! मालकांचा उजवा हात चाललाय!"

"हाताला आज काय घालतात खायला? कोंबडीबिंबडी?"

"हाताला तोंड असतं का गं? तोंड मालकाचं, हात याचा, आणि पोट आपलं रिकामं."

बेनेबा मात्र हसली नाही. तिचे डोळे तांबारले होते. कसावा कंदाच्या भाकरीचा तुकडा ती नुसताच गालात धरून होती; चावायचे विसरली होती.

"झोपलीस का गं?"

"झोपले की. डोळे उघडे ठेवून." मग हळू आवाजात, "दादा, त्या रंगवाल्याला म्हणावं आटप. पाच बोटांना कितीसा वेळ लागतो? इथं मी रोज पाचच्या पाच मोजून घरी नेते."

"उजव्या हातानं सार. सांगितलंय ना तुला?"

"सांगायला काय जातंय! उजवा हात माझं ऐकत नाही. तुझंच ऐकतो का बघ."

क्वामिनोने मुकादमाच्या हातापाया पडून पाहिले होते. मुकादमाने चाबकाच्या मुठीने त्याचा एक दात हलवला आणि सांगितले, मालकाचा हात आहेस म्हणून मालक झालास का? मग त्याने थर्लबीला विनवले. थर्लबी माणूस वाईट नव्हता, फक्त घागरीसारखा होता. वरून ओतले की खालून गळून जाई. "बोलतो टियरनींशी," तो दर वेळी म्हणे. "तुझ्या बहिणीला दुसरीकडे लावा म्हणतो." आणि दर वेळी संध्याकाळी मालकाच्या टेबलावर बकऱ्याचे कालवण आणि जुनी रम आली की बहीण बुडून जाई.

"रंग वाळत नाही रे," तो आज म्हणाला. "या खाऱ्या हवेत तेल ओलंच राहतं. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवला तर हात चिरफळेल."

"किती दिवस, साहेब?"

"चेहरा कुणीही काढतो. हात काढायला देव लागतो." आणि देव दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत तोंड उघडे टाकून घोरू लागला.

क्वामिनो कोटात बसून राहिला. त्याच्यासमोर टियरनी होता, रंगाचा; अखंड, दोन हातांचा, मागे खिडकीत त्याची गलबते. त्या करड्या डोळ्यांना चित्रकाराने थोडी दया उसनी दिली होती. ती कुणाकडून घेतली असेल, याचा विचार क्वामिनो करीत होता, तेवढ्यात वारा फिरला.

आधी माडांना कळले, मग खिडकीच्या झडपेला, मग टेकडीवरच्या चक्कीच्या चार शिडांना. चरकाचा आवाज त्याच्या हाडांत मुरलेला होता. कण्हणारा चरक, घोरणारा चरक, आणि हा तिसरा, किंचाळणारा. पात्यांवरची शिडे आवरायला कुणी वर चढले नाही की असा किंचाळतो. अशा वाऱ्यात रूळ ऊस मागत नाहीत, ओढून घेतात. अशा वाऱ्यात त्याने स्वतः दोनदा आपली बोटे फटीतून परत मिळवली होती, आणि त्याचा हात उजवा होता.

तो उठला. थर्लबी घोरतच होता. कोट उतरवावा तर टाचण्या उपटाव्या लागतील, चुण्या जातील, हात पुन्हा पहिल्यापासून निघेल आणि बेनेबा आणखी तितके दिवस तिथेच उभी राहील. कोट अंगात असू दे. वाऱ्याचा झोत ओसरेपर्यंत आपण रुळांपुढे उभे राहू, तिला बाजूला बसवू, आणि साहेब जागा व्हायच्या आत परत येऊ. सगळ्यांना ठाऊकच आहे, कोट सध्या कुणाच्या अंगात आहे ते. सकाळी त्यावर हसल्याच ना बाया!

पण हसतो तो माणूस वेगळा आणि भितो तो वेगळा. ठाऊक असणे डोक्यात असते. तो कोट त्या माणसांच्या पाठीच्या कण्यात उतरला होता.

तो धावत बुरुजाच्या दारात आला. बाहेरच्या झगझगीत उन्हातून आत अंधारात एक लाल रंग शिरला, एवढेच आतल्यांना दिसले. चिपाडे वेचणाऱ्या बाया विजेने झोडपल्यासारख्या वाकल्या. लिमरिकने, तुळईवरची कुऱ्हाड वारा वाढला म्हणून नुकतीच हातात घेतली होती ती, लगबगीने भुईवर ठेवली, दूर सारली आणि तिच्यापुढे कपाळ टेकले.

"अरे, मी आहे! मी!" क्वामिनो ओरडला. चरकाच्या किंकाळीने ते शब्द गिळले.

बेनेबाने मान खाली घातली. झोपेने जड झालेली ती मान आधीच खाली जायला टपलेली होती. हात मात्र सवयीने पुढे गेला, छातीवरून आडवा, मोळी घेऊन. आणि मोळी गेल्यावर परतला नाही.

ती आधी ओरडलीच नाही. तिने आश्चर्याने भावाकडे पाहिले, कोटाच्या वर, थेट चेहऱ्याकडे. बहुधा मळ्यावर पहिल्यांदाच कुणी तिथवर पाहत होते. "दादा," ती म्हणाली, "हा तू आहेस होय." मग मनगट गेले. मग ती ओरडली. रुळांतून पांढुरक्या रसाऐवजी तांबडा रस येऊ लागला आणि पन्हळीतून काहिलीकडे वाहू लागला.

"लिमरिकबाबा! ऊठ! कुऱ्हाड!"

म्हाताऱ्याने डोके वर केले. लाल कोट पाहिला. 'ऊठ' तर आला होता, पण आवाज मालकाचा नव्हता; कोट मालकाचा होता, पण हुकूम परका होता. त्या दोहोंच्या मधल्या फटीत तो म्हातारा अडकला, जशी ती पोर रुळांत अडकली होती, आणि त्याचे कपाळ पुन्हा भुईला लागले.

कुऱ्हाड क्वामिनोने उचलली. कोपर रुळांच्या तोंडाशी आले होते. तिचा खांदा त्याने डाव्या हाताने धरला, आणि इतके दिवस नकाशावर सैल सोडून ठेवलेला उजवा हात डोक्यावर नेला. पहिला घाव हाडावर निसटला. दुसरा बसला. रुळांनी आपला वाटा ओढून नेला आणि बेनेबा उरलेल्या देहानिशी त्याच्या अंगावर कोसळली.

रक्त पिचकाऱ्यांनी उडत होते. काही बांधायला नव्हते. क्वामिनोने डाव्या दंडावरून कोट ओरबाडला. टाचण्या कातडी घेऊन निघाल्या. मोकळी झालेली बाही त्याने तिच्या थोट्या दंडाभोवती गुंडाळली, उसाचे कांडे खुपसून पीळ दिला, पिळावर पीळ दिला. उजवी बाही अजून त्याच्या अंगातच होती. एका कोटात दोघे, आणि दोघांत मिळून एकच रक्त. पीळ सुटला तर ती संपली, आणि नुसता पीळ पुरणार नव्हता. खाली उसाच्या रसाच्या काहिलींपाशी ज्युबामावशी होती, तिच्याकडे तापले लोखंड होते, उकळते डांबर होते. उतारावरून तिथवर जायचे, एवढेच.

तो बहिणीला उचलून दाराकडे वळला. दारात टियरनी उभा होता.

दुपारी चित्र पाहायला आलेल्या मालकाला खुर्ची रिकामी दिसली होती. तो साध्या सदऱ्यात होता. रिकामी उजवी बाही खांद्याशी टाचलेली. डाव्या हातात पिस्तूल. वाकलेल्या बाया सदऱ्याकडे पाहत होत्या आणि कोटाकडे पाहत होत्या, आणि माना कुणापुढे घालायच्या हे त्यांना कळत नव्हते.

"कुऱ्हाड," टियरनी म्हणाला. "आणि माझा कोट."

बहिणीला उचलताना क्वामिनोने कुऱ्हाडही पुन्हा मुठीत घेतली होती. ते त्याच्याही लक्षात नव्हते. "मालक, कोट सोडला तर हिचं रक्त जाईल. खाली काहिलीपर्यंत जाऊ द्या. मग कोट घ्या, मला घ्या, काय हवं ते घ्या."

"आधी कोट."

"पोर मरेल हो!"

"माझा कोट घालून, माझ्या चरकावर, हातात पातं घेऊन उभा आहेस तू, आणि ही सगळी बघतायत." टियरनीचा आवाज चढला नव्हता. "आता मी वाट सोडली तर उद्या माझ्या गळ्यावर किती पाती असतील?"

"मालक, तुम्ही याच जागी उभे होतात. तुमचाही हात..."

पिस्तूल वर आले. आणि तेव्हा भुईवरून, कपाळ न उचलता, लिमरिक बोलला. मालकाशी नव्हे, कुठल्याशा जुन्या चरकावर शेजारी उभ्या असलेल्या पोराशी.

"अँब्रोज, जाऊ दे रे तिला. तुलाही मी असंच उचलून नेलं होतं. रडत होतास. आईला हाका मारत होतास."

कापडावर थर्लबीने काढलेली ती दया क्षणभर, अगदी क्षणभर, खऱ्या डोळ्यांत येऊन उभी राहिली. मग टियरनीला दिसले की ती बायांनीही पाहिली. त्याने पिस्तूल खाली वळवले आणि लिमरिकच्या टाळूत गोळी घातली.

धूर बुरुजात कोंडला. म्हातारा होता त्याच आसनात राहिला. कपाळ भुईला, जणू हुकूम आता कायमचा पाळायला सोपा झाला होता. बाया किंचाळत भिंतीला चिकटल्या. टियरनी रिकाम्या पिस्तुलाने वाट अडवून उभाच होता.

"आता कोट," तो म्हणाला.

बेनेबाचे डोके क्वामिनोच्या खांद्यावर कलंडले. पीळ दिलेल्या बाहीतून एक ऊन धार त्याच्या बोटांवर उतरली, आणि त्या धारेत जेवढे आयुष्य होते तेवढेच त्याच्यापाशी उरले होते. विनवणीला त्यात जागा नव्हती. तो बहिणीला डाव्या काखेत घेऊन पुढे झाला आणि कुऱ्हाड उचलली.

टियरनीने हात आड धरला. उजवा, नसलेला. तीस-चाळीस वर्षांनंतरही देहाला तो आठवत होता. टाचलेली रिकामी बाही खांद्याशी नुसती थरथरली, आणि पात्याला अडवायला हवेत काहीच नव्हते. घाव मानेच्या मुळात रुतला. दुसऱ्यासाठी पाते निघेना, म्हणून क्वामिनोने ते तिथेच सोडले आणि पडणाऱ्या देहावरून पाय टाकून बाहेर उन्हात आला.

मागे एक बाई काहीतरी म्हणाली. चरकात मोळी द्यायला पुन्हा कुणी पुढे झाले नाही. रिकामे रूळ वाऱ्यावर एकमेकांना घासत राहिले.

उतारावर तो धावला, घसरला, गुडघ्यांवर गेला, उठला. घराच्या व्हरांड्यातून थर्लबीची हाक ऐकू आली. मग घोड्याच्या टापा, प्लिमथ बंदराच्या वाटेने लांब जाणाऱ्या. ज्युबामावशी काहिलीपाशी पन्हळीतून आलेला तांबडा रस पाहून आधीच लोखंड चुलाणात घालून बसली होती.

"कुणाचा?" तिने मागे न बघता विचारले.

"बेनेबाचा."

तिने वळून पाहिले. कोट पाहिला, त्याच्या छातीवरचे रक्त पाहिले. "हे सगळं तिचं नाही."

"नाही."

ज्युबामावशीने पायाने चिपाडे सारून भुईवर जागा केली. "ठेव तिला. तोंडात चिंधी दे. आणि तू नीघ. घोडा गेलाय, फौजेचे लोक येतील. ओढ्याओढ्याने डोंगरात चढ, गंधकाच्या झऱ्यांपलीकडं कुत्र्यांना वास लागत नाही."

"तिला धरणार कोण?"

"मी."

"तुझ्या एकटीच्यानं व्हायची नाही ती. लहानपणी काटा काढायला मला नि बापाला दोघांना बसावं लागायचं."

"अरे मुडद्या, फासावर जाशील!"

"लोखंड आण, मावशी."

तो तिच्या पायांवर बसला आणि तिचे दोन्ही खांदे दाबून धरले. लोखंड लागले तेव्हा ती शुद्धीवर आली, त्याच्याखाली कमानीसारखी उठली, चिंधी फाडून तिचे दात त्याच्या मनगटात रुतले. त्याने मनगट तसेच राहू दिले. मांस जळाल्याचा वास काकवीच्या गोड वासात मिसळला. डांबर पडले, चरचरले, थंडावले. तिचे दात हळूहळू सुटले.

ज्युबामावशीने तिच्या ओठांशी कान नेला. पुष्कळ वेळ तसाच ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "पण अजून ताप यायचाय. ताप चढेल, बडबडेल, पाणी मागेल. सकाळ पाहिली तर वाचली म्हणायचं. आता तरी जा!"

खालच्या रस्त्यावर इशाऱ्याचा शंख वाजला. त्याला दुसऱ्या मळ्यावरच्या शंखाने उत्तर दिले, मग तिसऱ्याने. भीती अशीच एका टेकडीवरून दुसरीवर जाते. दारातून डोंगर दिसत होता, हिरवा, वाफाळता, अगदी जवळ. क्वामिनोने तिच्या दंडाचा पीळ सोडवला, उजवी बाही अंगातून काढली आणि तो रक्ताने चिंब लाल कोट बहिणीच्या डोक्याखाली घडी करून ठेवला. कोपऱ्यातल्या मडक्यातून करवंटीभर पाणी घेतले.

"पाणी मागेल म्हणालीस ना," तो म्हणाला, आणि तिच्या उशाशी मांडी घालून बसला.